डाव्या गालाची फाइल

स्टुडिओतल्या त्या बाईंना सगळे डागबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. डाग काढणं हाच त्यांचा धंदा. माणसाच्या चेहऱ्यावरचे डाग, फोटोच्या कागदावरचे डाग, पाण्याने पडलेले, बुरशीने धरलेले, घडीवर चिरलेले. जुना फोटो हातात आला की तुम्ही-आम्ही आधी डोळे बघतो, मग कपडे बघतो, मग हा कोण ते विचारतो. डागबाई आधी डाग बघायच्या. माणूस नंतर, वेळ उरला तर.

त्या या कामात शिरल्या तेव्हा संगणक नव्हता. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावर काम करायचं. निगेटिव्हमध्ये सगळा कारभार उलटा. डोळ्याखालची काळी सुरकुती तिथे पांढरी दिसते. ती पेन्सिलीने बुजवली की छापताना गाल लोण्यासारखा उतरतो. हे त्यांना थोरल्या मालकांनी शिकवलं. पुढे संगणक आला, आणि पेन्सिलवाले बाकीचे हात जोडून घरी बसले. डागबाई राहिल्या. हुशार होत्या म्हणून नव्हे, भोचक होत्या म्हणून. कुठल्याही वस्तूच्या पोटात काय चाललंय हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

शिकवायला आलेल्या मास्तरला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "फोटो फाइलीत असतो म्हणता. फाइलीत म्हणजे कुठे?"

"बाई, तुम्ही बटण दाबा ना."

बाईंनी बटण दाबलं, पण भलतंच. पत्रं टाइप करायच्या साध्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी फोटो उघडला. पडदाभर अगम्य खुणांचा चिवडा. पण त्या चिवड्याच्या अगदी सुरुवातीला चार अक्षरं बरी, वाचता येण्याजोगी होती. दुसऱ्या जातीची फाइल उघडली, तिथे वेगळी अक्षरं. तिसरी उघडली, आणखी वेगळी. म्हणजे प्रत्येक फाइल आधी आपण कोण ते सांगते आणि मग बडबडायला लागते, हे त्यांच्या ध्यानात आलं. मास्तर चहा पिऊन परत येईपर्यंत बाईंनी तमाम फाइली अशा उघड्यावाघड्या करून ठेवल्या होत्या.

जेपीजी नावाचा प्रकार थोडा विसरभोळा असतो, दर वेळी साठवताना काहीतरी गाळतो, असं त्यांनी ऐकलं. ऐकून गप्प बसल्या तर त्या डागबाई कसल्या. थोरल्या मालकांचा एक फोटो घेऊन तो उघडायचा, जरा खालच्या दर्जाने साठवायचा, बंद करायचा, पुन्हा उघडायचा, असं त्या फावल्या वेळात करत राहिल्या. शेवटी मालकांच्या मिशीचे चौकोनी ठोकळे पडले. मालकांनी ते पाहिलं आणि विचारलं, "माझ्या मिशीनं तुमचं काय घोडं मारलंय?" पण त्या दिवसापासून महत्त्वाचं काम बाई जेपीजीत ठेवीनाशा झाल्या. त्या थरांची फाइल ठेवत. तळाला मूळ फोटो जसाच्या तसा, त्यावर पारदर्शक कागद ठेवावेत तसे एकेका दुरुस्तीचे थर. गिऱ्हाइकाला द्यायचा तो सपाट जेपीजी वेगळा.

स्टुडिओ औषधांचं दुकान आणि किल्लीवाला यांच्या मधोमध दडपून बसवलेला होता. पुढे काचेचा काउंटर, त्यामागे पडदा, पडद्याआड गोल फिरतं स्टूल आणि वर गुंडाळलेले पांढरे-निळे पडदे. त्याच्याही मागे डागबाईंची खोली. खिडकीला काळं कापड, भिंती राखाडी. रंगीत भिंत डोळ्यांना फसवते, म्हणून. भडक कपड्याचा रंग संगणकाच्या पडद्यावर पडतो म्हणून बाई स्वतःही मळकट रंगाचेच कपडे घालत. त्यांच्या धाकट्या जाऊबाई म्हणत, "उंदराच्या बिळात उंदीर होऊन बसता."

थोरले मालक गेले, आता त्यांचा मुलगा गल्ल्यावर होता. बाईंनी त्याला लंगोटात पाहिलेला, त्यामुळे त्या त्याला छोटे मालक म्हणत आणि अरे-तुरे करत.

एका दुपारी काउंटरवर एक बाई आली. पलीकडच्या गल्लीत चष्म्यांच्या दुकानात काम करणारी. सगळा रस्ता तिला चष्मेवाली म्हणून ओळखायचा. तिने पिशवीतून चौकट काढून काचेवर ठेवली. आत एका पन्नाशीच्या बाईचा फोटो.

"हा तुमच्याकडेच झाला होता ना?"

डागबाई बाहेर आल्या, चौकट उचलून उजेडात तिरकी धरली. "आमचाच. हा गाल माझा आहे."

"गाल माझ्या आईचा आहे," चष्मेवाली म्हणाली.

डागबाईंनी चौकट परत काचेवर ठेवली.

"इथे लासं होतं," तिने फोटोवर बोट ठेवलं. "जन्मापासूनचं, काळपट. कानापुढून निघून जबड्यापर्यंत. ते मला परत हवंय."

छोटे मालक हसले. "लोक आमच्याकडे डाग काढायला येतात. तुम्ही लावायला आलात?"

"मालक, चेष्टा करायला मी जेवणाची सुट्टी मोडून आलेली नाही."

मग तिने सांगितलं. तिला एक मुलगी, घरात सगळे तिला बारकी म्हणतात. तेराव्यात आहे. बारकीला जन्मतःच आजीसारखंच लासं, त्याच गालावर, जवळजवळ त्याच जागी. लहान होती तोवर तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. या वर्षी शाळा बदलली आणि पोरीने केस पुढे घेतले. आता डाव्या बाजूला केसांचा पडदा, आणि रस्त्याने चालताना आईला डावीकडे ठेवते, म्हणजे लोक उजवीकडून बघतील. आईने समजूत घातली की अगं, तुझ्या आजीलाही होतं. पोस्टाच्या काउंटरवर बसायची ती, दिवसभर गावासमोर तोंड. तिला कधी लाज नाही वाटली. पोरीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुठेय?" आई म्हणाली, "फोटोत काढून टाकलंय." पोरगी म्हणाली, "हो का. बरं जमलं."

"तेव्हापासून माझ्या कुठल्याच शब्दावर तिचा विश्वास नाही," चष्मेवाली म्हणाली. "बाहेर पाऊस आहे म्हटलं तरी खिडकीत जाऊन बघून येते. म्हणते, तू मला बरं वाटावं म्हणून काहीही रचून सांगतेस."

"तुमच्या घरात दुसरं कोणी सांगायला नाही?"

"दादा आहे की माझा. त्यानेच तुम्हाला फोटो दिला होता, आई गेल्यावर. त्याला विचारलं पोरीसमोर. म्हणाला, आईला कुठे लासं होतं, ठिपका होता बारीकसा." तिने नाक मुरडलं. "खोटं नाही बोलत तो. इतकी वर्षं हाच फोटो बघतोय ना रोज. त्याला आता आई अशीच आठवते."

डागबाईंनी मान वर केली. हे त्यांना नवीन होतं. आपण कागदावरचं पुसतो एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"दुसरे फोटो?"

"आहेत दोनचार. सगळे गर्दीतले. तोंड नखाएवढं."

"आणि आम्हाला दिलेला मूळ? तो आम्ही परत केला होता."

"दादाने फेकला. ओल येऊन काचेला चिकटला होता, आणि हा नवा छान झाला होता म्हणे."

"मग मी रंगवून देते," डागबाई म्हणाल्या. "आकार सांगा, रंग सांगा. खऱ्यासारखं करीन."

"तसं नको." चष्मेवालीचा आवाज जरा चढला. "तसं ती पोरगी फोनवर बसल्या बसल्या करते. स्वतःला मांजराचे कान लावते. रंगवलेलं नेऊन दाखवलं तर माझं होतं नव्हतं तेही जाईल. जे होतं ते हवंय, बाई. शाळेच्या ओळखपत्राला फोटो द्यायचाय, कान दिसले पाहिजेत म्हणतात, आणि ही स्टुडिओची पायरी चढायला तयार नाही. दोनदा चिठ्ठी आली शाळेची. पण ओळखपत्राचं मरू दे. तिने मला खोटारडी ठरवलंय, ते मला सोसत नाही."

ती गेल्यावर छोट्या मालकांनी गिऱ्हाइकाच्या नावावरून जेपीजी लगेच काढून दिला. त्यात काहीच नव्हतं. जेपीजी म्हणजे शिजलेली भाजी. त्यातलं मीठ वेगळं काढून द्या म्हटलं तर कोण देणार. मोठा करून करून पाहिला, गाल लख्ख.

"थरांची फाइल बघू," म्हणत बाईंनी कपाटातलं बुटांचं खोकं खाली घेतलं. त्यात जुन्या हार्ड डिस्क, एकेक कापडात गुंडाळलेली. एक जोडली, तशी फाइलींची नावं पडद्यावर ओळीने उतरली: कपाळ-घडी. हनुवटी-बुरशी. मुलगा-नाक-शाई. म्हातारा-कान-उंदीर.

छोटे मालक बघतच राहिले. "अहो, यात गिऱ्हाइकाचं नाव कुठेय?"

"मला गिऱ्हाईक नावाने कधी आठवलंय? डागाने आठवतं."

"आणि हा उंदीर?"

"उंदराने फोटो कुरतडला होता. कान मी नवा केला. तू मध्ये बोलू नकोस."

फाइल सापडायला वेळ लागला नाही. नाव होतं: डावा-गाल-लासं-रेशमी कागद-वैताग.

रेशमी कागद म्हणजे जुन्या स्टुडिओंचा लाडका कागद. त्याच्या वरच्या बाजूवर मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी दाबलेली असे. हातात धरला की फोटो चमकायचा आणि बोटांचे ठसे पडायचे नाहीत. पण स्कॅनरमध्ये घातला की जाळीचं प्रत्येक घर चमकून वर यायचं. दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवाला घोर. वैताग हा शब्द बाईंनी उगाच लिहिला नव्हता.

छोट्या मालकांनी नुकताच नवा प्रोग्रॅम घेतला होता. त्यात फोटो आत घ्यायचे म्हणजे सगळे एका जागी चौकोनात मांडून दिसतात, म्हणून स्वारी खूश होती. त्यांनी फाइल त्यात ओढली. यंत्राने थोडा विचार केला, आणि मग चौकोनात उगवला एक पांढरा कोरा कागद. त्यावर बारीक अक्षरांत काही ओळी, प्रत्येक ओळ निराळ्या भाषेत.

"गेली," छोटे मालक म्हणाले. "सडली फाइल. इतकी वर्षं पडून होती."

डागबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "सडलेली फाइल अक्षरं काढत नाही. चिवडा होतो तिचा. हे तर कोणीतरी नीट बसून लिहिलंय."

त्यातल्या इंग्रजी ओळीचा अर्थ त्यांनी लावला. थर असलेली ही फाइल सगळ्या थरांचं मिळून एक चित्र सोबत न घालता साठवली आहे, एवढंच ती सांगत होती. बाई ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी कचेरीत, खुर्चीवर बसून एका माणसाने विचार केला असणार की पुढे कधीतरी कोणीतरी ही फाइल भलत्या ठिकाणी उघडेल आणि घाबरेल. त्याला काय सांगावं? आणि तो कुठली भाषा बोलत असेल ते ठाऊक नाही, म्हणून त्याने जमतील तेवढ्या सगळ्या लिहून ठेवल्या. आपली तेवढी राहिली. ते असो. पण न पाहिलेल्या माणसासाठी एवढी काळजी घेणारा कोण असेल, याचं बाईंना फार नवल वाटलं. छोट्या मालकांना ते बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "बाई, तुम्हाला घरी जायचं नाहीये का?"

आणि मग बाईंना पडद्यावर उगवणारी ती प्रश्नाची चौकट आठवली. जुना प्रोग्रॅम फाइल साठवताना दर वेळी विचारायचा की सगळ्यांचं मिळून एक सपाट चित्रही आत घालू का. जसं डब्याच्या झाकणावर आतल्या मालाचं चित्र चिकटवतात, तसं. ज्यांना डबा उघडता येत नाही त्यांनी निदान झाकण बघावं. घातलं की फाइल फुगायची, डिस्क भरायची, थोरले मालक कुरकुरायचे. बाईंनी एक दिवस खूण काढून टाकली, ती कायमची. मला डबा उघडता येतो, मला चित्र कशाला, असा हिशेब. आणि या नव्या प्रोग्रॅमला नेमकं झाकणच तेवढं वाचता येत होतं. जुना प्रोग्रॅम जुन्या यंत्राबरोबर भंगारात गेलेला.

"म्हणजे संपलं," छोटे मालक म्हणाले.

"झाकणाला चित्र नाही म्हणून डबा रिकामा होत नाही. थर वाचणारं काहीतरी हवं. फुकटातही मिळतं, मी ऐकलंय."

"माझ्या यंत्रात फुकटचं काही घालायचं नाही हं. तुमचा शोध लागेल आणि माझं दुकान बसेल."

बाईंनी डिस्क पदरात नाही, पण पिशवीत बांधली आणि घरी नेली.

घरी धाकट्या जाऊबाईंचा लॅपटॉप होता. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते एकामागून एक गेले, आणि या दोघी एकत्र राहिल्या. प्रेम होतंच, पण भांडायला हक्काचं माणूस हवं हेही खरं. लॅपटॉपवर जाऊबाई दिवसभर पत्ते खेळत.

"घ्या," त्या म्हणाल्या, "पण माझा डाव मोडला तर जेवायला वाढणार नाही."

"तुझ्या डावाला कोण विचारतंय. एकटीशी खेळतेस आणि तरी हरतेस."

फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेण्यात संध्याकाळ गेली. फाइल त्यात घातली. एक इशारा आला की अमुक गोष्टी मला समजलेल्या नाहीत. बाई पुटपुटल्या, "मलाही सगळ्या समजत नाहीत, तू चल पुढे." आणि फोटो उघडला. उजवीकडे थरांची उतरंड लागली, प्रत्येक थरापुढे एक छोटासा डोळा. डोळ्यावर टिचकी मारली की तो थर दिसेनासा होतो.

जाऊबाई चष्मा पुसत शेजारी आल्या. "कोण ही?"

"चष्मेवालीची आई."

"नाही ओळखलं."

डागबाईंनी वरचा थर बंद केला, कपाळावरची घडी परत आली. पुढचा बंद केला, खालची ओल परत आली. आणखी एक बंद केला, आणि डाव्या गालावर कानापासून खाली लासं उतरलं, नकाशातल्या बेटासारखं, कडा वेड्यावाकड्या.

"अगबाई," जाऊबाई म्हणाल्या, "ही तर पोस्टातली. रांगेत पुढे घुसणाऱ्याला उभा सोलायची. मला एकदा पाकिटावर पत्ता नीट लिहा म्हणून परत पाठवलं होतं. मघाशी कशी नाही ओळखली मी?"

डागबाईंनी तो थर चालू केला, पोस्टातली बाई गेली. बंद केला, आली. पुन्हा चालू, पुन्हा बंद.

"काय पोरखेळ चालवलाय?" जाऊबाई म्हणाल्या. "राहू दे तिला. दोन शब्द तरी बोलेल."

बाईंनी तो थर बंदच ठेवला. हा गाल त्यांच्या हातून उतरलेल्या कामांतला चांगल्यापैकी होता. थोरले मालक चार लोकांना बोलावून दाखवायचे. वाईट वाटलं का? थोडंसं. पण त्याहून जास्त त्या चक्रावल्या होत्या. एका डागामागे एवढं माणूस असतं, तर त्या खोक्यात किती माणसं असतील?

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाऊबाईंचा लॅपटॉप स्टुडिओत आणला आणि चष्मेवालीला निरोप धाडला. शाळा सुटल्यावर ती बारकीला घेऊन आली. घेऊन आली म्हणजे फरफटतच. पोरगी राखाडी खोलीच्या दारात टेकून उभी राहिली, केस गालावर, हात खिशात.

"ये, बस," बाई म्हणाल्या. "ही तुझी आजी."

बारकीने लांबूनच पाहिलं. चष्मेवालीने पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. पोरीने आईकडे नजर टाकली, मग पडद्याकडे.

"छान रंगवलंय," ती म्हणाली. "कालच रंगवलं का?"

"बारके," आई म्हणाली.

"काय? तू यांना सांगितलंस रंगवून द्या, यांनी रंगवून दिलं. यांचं कामच आहे ते."

डागबाईंना राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण पोरीच्या बोलण्यात चूक काढता येईना. त्यांनी स्वतः मास्तरचं ऐकून घेतलं नव्हतं, ही का घेईल?

"मी रंगवलं नाही, हे तुला कशाने पटेल?"

"मला काय माहीत. तुम्ही सांगा."

"मी सांगितलेलं तुला चालणार नाही. तू शोध." बाई खुर्चीतून उठल्या. "हा माउस. हे डोळे बंद-चालू कर. काही मोडत नाही. मोडलं तर डिस्कवर दुसरी प्रत आहे."

पोरगी बसली, ती उपकार केल्यासारखी. एक थर बंद केला, एक चालू केला. फाइलीची तारीख शोधून पाहिली आणि लगेच म्हणाली, "तारीख बदलता येते." बाई म्हणाल्या, "येते." मग तिने फोटो मोठा केला. आणखी मोठा. आणखी. आजीचं तोंड पडद्याबाहेर गेलं, नुसता गाल राहिला. आता ती पुढे वाकली होती.

"हे काय आहे? सगळीकडे माशीच्या डोळ्यासारखं?"

"कागदाची जाळी. रेशमी कागद म्हणायचे त्याला."

"कपाळावर पण आहे."

"सगळ्या कागदावर असणार."

बारकीने गालाचा थर चालू केला. लासं गेलं, गाल लख्ख झाला. ती बराच वेळ तिथेच बघत राहिली. एकदा बंद, एकदा चालू. मग बोट पडद्याला लावलं.

"इथे जाळी नाहीये."

"कुठे?" छोटे मालकही दारातून डोकावले.

"हे बघा ना. गुळगुळीत गालावर. इथे घरं आहेत, मग मोडलीत, इथे नुसतं पुसलेलं पीठ. आणि इथे पुन्हा सुरू झालीत, पण वाकडी. जुळतच नाहीत."

डागबाई वाकल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं काम इतकं मोठं करून पाहत होतं. कपाळावरची कातडी उचलून त्यांनी गालावर बसवली होती, शिवणीला फुंकर मारल्यासारखं पुसलं होतं. छापल्यावर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण जाळी मोडली होती हे खरं.

"मोडली आहे," त्या म्हणाल्या. "खूप प्रयत्न केला. नाही जमली."

"आणि खाली?" पोरीने थर बंद केला. लासं आलं. ती कडेकडेने सरकत गेली, कानापासून खाली, काळपट भागातून उजळ भागात, पुन्हा आत. "यात आहे. लाशाच्या आत पण आहे जाळी. सरळ गेलीय अशी, मध्ये कुठे थांबली नाही." थोडं थांबून तिने शेवटचा प्रयत्न केला. "पण जाळी पण तुम्हाला रंगवता येत असेल."

"बाळ," डागबाई म्हणाल्या, "मला जाळी रंगवता येत असती तर मी ती गालावर नसती का रंगवली? एवढा चांगला गाल असा पिठासारखा सोडला असता?"

बाहेर किल्लीवाल्याचं कानस घासणं तेवढं ऐकू येत होतं. पोरगी पडद्याकडे बघत होती, आणि तिचं डोकं चालत असलेलं दिसत होतं. पळवाट शोधत होती ती, आणि सापडत नव्हती. शेवटी तिने फोटो लहान केला. अख्खी आजी परत आली. मग खिशातून फोन काढला, पुढचा कॅमेरा आरशासारखा समोर धरला आणि डाव्या हाताने केस उचलले. एकदा फोनमध्ये, एकदा पडद्यावर.

"तिचं माझ्यापेक्षा मोठं होतं," ती म्हणाली. "पार मानेपर्यंत."

"सांगत नव्हते?" आई म्हणाली.

"तू जबड्यापर्यंत म्हणाली होतीस."

"आता तेवढ्यावरून पकडणार का मला?"

"नाही," बारकी म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "खोटं नव्हतीस बोलत." असं म्हणताना तिने आईकडे पाहिलं नाही, पण आईला तेवढं पुरलं. ती काउंटरकडे निघून गेली आणि उगाचच तिथल्या चौकटी सरळ करत बसली.

"हा छापून द्या," पोरीने डागबाईंना सांगितलं. "हाच. घडी आणि ओल काढा, बाकी काही नको. मोठा करा. भिंतीवरचा काढून टाकू."

"तुझा मामा चिडेल."

"मामाला मी दाखवीन जाळी."

छोट्या मालकांनी संधी साधली. "आलीच आहेस तर ओळखपत्राचा फोटो उरकून घेऊ. नाहीतर तुझ्या शाळेवाले चिठ्ठ्यांनी आईची पिशवी भरतील."

बारकी स्टुलावर जाऊन बसली. केस होते तिथेच. मालक कॅमेऱ्यामागून म्हणाले, "कान दिसायला हवा."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तिने विचार केला. "कान दिसला की ते पण दिसणार."

"हो," डागबाई दारातून म्हणाल्या. खोटा धीर द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"आणि शाळेत सगळे बघणार."

"बघतील. चार दिवस बघतील, मग त्यांना दुसरं काहीतरी मिळेल."

"चार नाही, जास्त," बारकी म्हणाली. तिला तिची शाळा ठाऊक होती. तरी तिने केस मागे घेतले, एकदम नाही, एकेक बट करत, आणि कानामागे खोचले. "पण एक अट आहे. यांनी नंतर त्याला हात लावायचा नाही."

"नाही लावत," डागबाई म्हणाल्या. त्यांची नजर मात्र सवयीने चेहऱ्यावर फिरलीच, आणि तोंडातून गेलं, "ती नाकावरची पुटकुळी?"

बारकीने नाकाला हात लावला. "ती काढा," ती म्हणाली. "ती या आठवड्यात जाणारच आहे."

मग ती ताठ बसली, आणि छोट्या मालकांनी कॅमेरा दाबला.